न्हाणीघराच्या गोण्या ते सोसायटीचे खत: कचऱ्याच्या वर्गवारीवर वाचकांचे प्रश्न

सध्या येणाऱ्या पत्रांत दोन गोष्टी पुन्हापुन्हा विचारल्या जातात. घरदुरुस्तीचा राडारोडा कुणी उचलायचा, आणि 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या घनकचरा नियमांमुळे आपल्या सोसायटीला नेमके काय करावे लागणार. पुढची उत्तरे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतली व्यवस्था धरून दिली आहेत.

प्रश्न : आमचे न्हाणीघर 4 फूट बाय 7 फूट आहे. फरशी आणि भिंतीच्या टाइल्स काढून सगळे नवे करायचे आहे. कचऱ्याची गाडी डेब्रिज घेत नाही. मिस्त्री म्हणतो, रात्री टेम्पो लावून सगळे ‘बाहेर’ टाकून देतो, तुम्ही काळजी करू नका. असे चालते का?
– वाचक, दादर

उत्तर : नाही, चालत नाही. ‘बाहेर’ म्हणजे कुठे, हे मिस्त्री सांगत नसेल तर तो टेम्पो बहुधा खाडीच्या कडेला, महामार्गालगतच्या मोकळ्या जागेत किंवा नाल्याच्या काठावर रिकामा होतो. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनात आणि त्याभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यात राडारोडा टाकायला मनाई केली आहे. शिवाय बांधकाम कचऱ्याच्या नियमांनुसार ज्याच्या कामातून राडारोडा निघाला, त्याच्यावरच तो अधिकृत ठिकाणी पोहोचवायचे बंधन असते. पैसे देऊन टेम्पो लावला म्हणून ते संपत नाही.

आधी माल किती निघेल ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. तुमच्या न्हाणीघराची फरशी 28 चौरस फूट. लादी आणि तिच्याखालचा दोन इंची मसाला धरला तर चौरस फुटाला 12 किलोच्या आसपास वजन, म्हणजे सुमारे 340 किलो. भिंतीच्या टाइल्स सात फुटांपर्यंत असतील तर दरवाजा वगळून 136 चौरस फूट भरतात. टाइल आणि तिच्यासोबत निघणारा गिलावा मिळून चौरस फुटाला साडेपाच किलो, म्हणजे 750 किलो. एकूण अकराशे किलोच्या घरात. फरशी खोलगट स्लॅबवर असेल आणि गळतीसाठी खालचा विटांचा कोबाही काढायचा असेल, तर नऊ इंच भर धरून आणखी एक टन वाढवा. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. टाइल्स दिसतात, कोबा दिसत नाही.

गोण्यांत मोजायचे तर सिमेंटची रिकामी गोणी दोन तृतीयांश भरली की 25 ते 30 किलो होते. 500 किलो म्हणजे 17 ते 20 गोण्या. तुमच्याकडे कोब्याशिवाय 40 आणि कोब्यासह 75 गोण्या निघतील.

500 किलोचा आकडा मुद्दाम दिला. किरकोळ घरदुरुस्तीतला 500 किलोपर्यंतचा राडारोडा महानगरपालिका ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवेतून मोफत उचलते, त्यापुढे टनाच्या हिशेबाने शुल्क लागते. शहर आणि पूर्व उपनगरांतला माल शिळफाट्याजवळच्या डायघर केंद्रावर जातो, पश्चिम उपनगरांतला दहिसरच्या केंद्रावर. प्रत्येक केंद्राची क्षमता रोज 600 टनांची आहे. नोंदणी मदत क्रमांकावर किंवा पालिकेच्या ॲपवर होते. अडचण आली तर वॉर्ड ऑफिसातल्या घनकचरा विभागात जा. नोंदवताना किलोचा अंदाज, मजला, लिफ्ट आहे की नाही, गाडी इमारतीपर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबेल, हे सांगा. वजन कमी सांगितले तर छोटी गाडी येते, अर्धा माल तिथेच राहतो आणि पुन्हा नोंदणी करावी लागते.

तोडफोड सुरू होण्याआधी मिस्त्रीकडून चार गोष्टी ठरवून घ्या. राडारोडा जिथे निघेल तिथेच, त्याच खोलीत गोण्यांत भरायचा. डक्टमधून खाली सोडायचा नाही, कारण एक तुकडा सांडपाण्याच्या उभ्या पाइपात अडकला की खालच्या सगळ्या मजल्यांवर पाणी तुंबते. सहा जणांच्या लिफ्टची क्षमता 408 किलो असते, म्हणून माणूस धरून एका फेरीत दहापेक्षा जास्त गोण्या चढवायच्या नाहीत. आणि गोण्या गाडी येणार त्या दिवशीच खाली आणायच्या, इमारतीच्या आवारात ठेवायच्या, पदपथावर नाही. जूननंतर काम असेल तर ताडपत्री हवीच. सिमेंटची भुकटी पावसाच्या पाण्यासोबत पर्जन्यवाहिनीत गेली की तळाशी बसून घट्ट होते, आणि मग ती छिन्नीनेच काढावी लागते.

काय एकत्र चालेल आणि काय नाही, हेही पाहा. विटा, गिलावा, कोबा, काँक्रीट, लाद्या, टाइल्स, फुटका कमोड, बेसिन हे सारे राडारोड्यात चालते. चौकट, दरवाजा, पीव्हीसीचे पाइप, नळ, वायर वेगळे काढा. धातू भंगारवाला आनंदाने नेतो. पीओपीची फॉल्स सीलिंग काढत असाल तर तो माल दुसऱ्या गोण्यांत भरा. पीओपी आणि जिप्समच्या बोर्डात सल्फेट असते. केंद्रावर दगड-विटा दळून त्यांची खडी आणि वाळू करतात. त्यात सल्फेट मिसळले तर पुढे त्या खडीचे काँक्रीट फुगते, तडकते. रंगाचे डबे, थिनरच्या बाटल्या, जुनी ट्यूबलाइट यांतले काहीही राडारोड्यात टाकू नका, त्यांचा विचार खाली वेगळा केला आहे.

गाडी डेब्रिज का घेत नाही, याचेही खरे कारण आहे. घरोघरीचा कचरा नेणारी गाडी कॉम्पॅक्टर असते, तिच्यात हायड्रॉलिक पाते कचरा दाबते. दोन-चार गोण्या कोबा त्यात गेला की पाते वाकते किंवा तेलाची नळी फुटते, आणि त्या दिवशी संपूर्ण पट्ट्यातला कचरा पडून राहतो. नकार देणारा कामगार त्याचे काम बरोबर करत असतो. त्याच्याशी वाद घालू नका.

शेवटी, पावती मागा. केंद्रावर वजनकाटा असतो. मिस्त्रीनेच माल पोहोचवायचा ठरला असेल तर केंद्राची वजनपावती दाखवल्यावर शेवटचा हप्ता द्यायचा, असे कामाच्या कागदावरच लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत 64 सदनिका आहेत. नव्या नियमांत आम्ही ‘मोठ्या प्रमाणात कचरा निर्माण करणारे’ ठरतो का? कुणी म्हणतो हो, कुणी म्हणतो नाही. समितीत यावरून भांडणे चालू आहेत.
– सोसायटीचे सचिव, मुलुंड पूर्व

उत्तर : 2016 च्या नियमांच्या जागी आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम 2026 मध्ये तीन मोजमापे आहेत, आणि त्यांपैकी एक जरी लागू पडले तरी तुम्ही मोठे कचरा निर्माते ठरता. बांधकामाचे क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा अधिक, पाण्याचा वापर दिवसाला 40,000 लिटर किंवा अधिक, किंवा कचरा दिवसाला 100 किलो किंवा अधिक.

क्षेत्राचा प्रश्न तुमच्याकडे उरत नाही, 64 सदनिकांना ते फार दूर आहे. पाणी पाहू. माणशी 135 लिटरचे नेहमीचे प्रमाण आणि घरटी चार माणसे धरली तर 256 जणांना 34,560 लिटर होतात. मर्यादेच्या आत आहात, पण फार आत नाही. जिना धुणे, गाड्या धुणे, बाग, गळके फ्लश हे त्यात धरलेले नाही. प्रत्यक्ष आकड्यासाठी पाण्याचे बिल काढा. त्यात वापर किलोलिटरमध्ये असतो, आणि महिन्याला 1,200 किलोलिटर झाले की दिवसाला 40,000 लिटर भरतात. मोजमाप पाण्याच्या वापराचे आहे, तेव्हा बोअरवेल आणि टँकरचे पाणीही मिळवा.

कचऱ्याचे मात्र तुम्ही अगदी काठावर आहात. घरगुती कचरा माणशी 350 ग्रॅम धरला तर 90 किलो होतो, 400 ग्रॅम धरला तर 102. म्हणून भांडण थांबवून वजन करा. हँगिंग काटा हजार-दीड हजारात मिळतो. सलग सात दिवस, सोमवार ते रविवार, ओला, सुका आणि उरलेला असे वेगवेगळे तोला. रविवारी मासळी-मटणामुळे आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी ओला कचरा हमखास वाढतो, म्हणून एकाच दिवसाच्या वजनावर निर्णय घेऊ नका. आंब्याच्या मोसमात पुन्हा एक आठवडा मोजा. सगळी वजने वहीत लिहून त्यावर अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घ्या. पुढे कधी वॉर्डातून विचारणा झाली तर हीच वही उपयोगी पडेल.

मर्यादा ओलांडत असाल तर ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करायची, आणि ते खरोखर शक्य नसेल तर त्याबदल्यात जबाबदारीचे प्रमाणपत्र घ्यायचे, अशी नव्या नियमांची रचना आहे. मर्यादेच्या आत राहिलात तरी वर्गीकरण सुटत नाही. ते प्रत्येक घराला बंधनकारक आहे, आणि आता त्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (औषधे, सुया, बॅटऱ्या, रंगाचे डबे असा).

आमचे मत विचाराल तर 90 किलोवर असलेल्या सोसायटीने आपण मर्यादेच्या आत आहोत हे सिद्ध करण्यात वेळ घालवू नये. खताची टाकी बांधायला जेवढे कष्ट लागतात, त्याहून जास्त कष्ट दर वर्षी आकड्यांशी झगडण्यात जातात. या शहरात रोज साडेसहा ते सात हजार टन कचरा गोळा होतो आणि त्यातला फार मोठा भाग स्वयंपाकघरातला असतो. मुलुंडची कचराभूमी 2018 मध्ये बंद झाली. तिच्या वासात वर्षानुवर्षे राहिलेल्या मुलुंडकरांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपासून खत करतो. पावसाळा आला की टाकीला वास येतो, पांढऱ्या अळ्या होतात, खालून काळे पाणी वाहते आणि तळमजल्यावरचे लोक तक्रार करतात. टाकी बंद करावी का?
– वाचक, बोरिवली पश्चिम

उत्तर : बंद करू नका, टाकीत हवा कमी आणि पाणी जास्त झाले आहे, एवढेच. ओल्या कचऱ्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. पावसाळ्यात हवाही दमट, त्यामुळे ते उडत नाही. मधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेवर जगणारे जीवाणू मरतात आणि बिनहवेचे जीवाणू काम हाती घेतात. सडक्या अंड्यासारखा वास त्यांचा. वास डोळ्यांत चुरचुरणारा, अमोनियासारखा असेल तर कारण वेगळे: नत्र जास्त, कर्ब कमी. दोन्हीवर उपाय मात्र एकच, सुका पालापाचोळा.

प्रमाण आकारमानाने ठेवा, वजनाने नाही. एरवी एक बादली ओल्या कचऱ्याला एक बादली सुका माल पुरतो, पावसाळ्यात दीड बादली. सुका माल म्हणजे कुरकुरीत वाळलेली पाने, काथ्याचा भुसा, रंग न लावलेल्या लाकडाचा भुसा, बोटाएवढे फाडलेले पुठ्ठे. प्लायवुडचा भुसा नको, त्यात डिंकाची रसायने असतात. पावसाळ्यात हा माल मिळत नाही, ही मुंबईतली खरी अडचण आहे. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत आवारातली पाने जाळण्यासाठी किंवा गाडीत देण्यासाठी गोळा करू नका, गोण्यांत भरून जिन्याखाली कोरड्या जागी रचून ठेवा. रोज 40 किलो ओला कचरा असेल तर चार पावसाळी महिन्यांना खूप गोण्या लागतात. कमी पडतील तिथे काथ्याच्या भुशाचे दाबलेले ठोकळे मे महिन्यातच विकत आणा.

ओल तपासायची पद्धत सोपी. टाकीच्या मधला मूठभर माल घेऊन घट्ट दाबा. बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर सुका माल वाढवा. मूठ उघडताच माल विस्कटला तर पाणी शिंपडा. दर तीन-चार दिवसांनी फावड्याने वरखाली करा. मधोमध तापमान 55 ते 60 अंशांवर जायला हवे. ते निदान तीन दिवस टिकले तर रोगजंतू आणि तणांचे बी मरते. लोखंडी गज मध्ये खुपसून पाच मिनिटांनी काढला आणि हाताला चटका बसला, तर काम नीट चालू आहे.

जाड्या, राखाडी-पांढऱ्या, सुस्त अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. पण शेजाऱ्यांना त्या दिसू नयेत म्हणून रोजच्या कचऱ्यावर दोन इंच सुक्या मालाचा थर द्या. तोंडावर बारीक जाळी बसवा. घरमाश्या याच थराने आवरतात.

काळे पाणी झाडांना थेट घालू नका, मुळे जळतात. ते पर्जन्यवाहिनीत जाऊ न देता सांडपाण्याच्या चेंबरला जोडा. पाणी रोज येत असेल तर ते थांबवायची जागा नळी नव्हे, सुक्या मालाची बादली.

आणखी एक. ‘चोवीस तासांत खत’ असे सांगून विकली जाणारी यंत्रे कचरा तापवून वाळवतात. बाहेर येते ते खत नसते, वाळलेला कचरा असतो. भिजला की पुन्हा सडायला लागतो. असे यंत्र घेतले असेल तर त्यातला माल आणखी दोन-तीन आठवडे टाकीत मुरू द्या. खत तयार झाले का, हे मेथीला विचारा: खत आणि माती अर्धीअर्धी मिसळून दहा दाणे पेरा. चार दिवसांत आठ-नऊ उगवले तर खत पक्के. दोन-तीनच उगवले तर अजून मुरायचे आहे.

प्रश्न : शहाळे, दुधाची पिशवी, तेलकट खोका, फुटका कप, निर्माल्य यांतले काय कुठल्या डब्यात? घरात रोज वाद.
– वाचक, ठाकुरद्वार

उत्तर : शहाळे ओल्यातच, पण टाकीत अख्खे नको. ते कुजायला कित्येक महिने लागतात, तोडून चिरफाळ्या करा किंवा वेगळे द्या. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी यांनाही हेच लागू. दुधाची पिशवी धुऊन सुक्यात. कापताना कोपऱ्याचा तुकडा पिशवीपासून तोडू नका, सुटलेले तुकडे कुणीच वेचू शकत नाही. तेलकट पुठ्ठा कागदाच्या कारखान्याला चालत नाही. तेलकट भाग फाडून ओल्यात, कोरडा सुक्यात. माशांचे काटे, कोलंबीची साले, मटणाची हाडे ओल्यातच, मात्र कागदात गुंडाळून आणि रोजच्या रोज. फुटका कप किंवा काच जाड कागदात बांधा, वर ‘काच’ असे लिहा आणि सुक्यात द्या. गाडीवरच्या कामगाराच्या हातमोज्यातून काच सहज जाते. चिनी मातीचा एक कप फुटला म्हणून तो राडारोडा होत नाही. राडारोडा म्हणजे बांधणे, दुरुस्त करणे किंवा पाडणे यांतून निघालेला माल. याच कारणाने जुना सोफा आणि गादीही राडारोड्यात बसत नाहीत.

निर्माल्यातून दोरा, प्लॅस्टिकचे मणी, जरीचे कापड काढा. उरलेली फुले आणि दूर्वा यांचे खत फार उत्तम होते. गणपतीच्या दिवसांत निर्माल्य कलशातच द्या.

प्रश्न : घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, डायपर लागतात, इन्सुलिनच्या सुयाही असतात. हे सगळे काळ्या पिशवीत एकत्र बांधून देतो. बरोबर आहे का?
– वाचक, विक्रोळी

उत्तर : यात दोन वेगवेगळे भाग आहेत, ते एकत्र करू नका. डायपर आणि सॅनिटरी पॅड हा सॅनिटरी कचरा. कागदात घट्ट गुंडाळा, त्यावर लाल खूण करा आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. महानगरपालिकेने मे 2025 पासून यासाठी स्वतंत्र संकलन सुरू केले आहे, सोसायटीने क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी करायची असते. सोसायटीने केली नसेल तर आग्रह धरा. अंथरुणावरचा रुग्ण असलेल्या घरात दिवसाला चार-पाच डायपर होतात, म्हणजे भिजलेले वजन दोन किलोंपर्यंत जाते. हे सुक्या कचऱ्यात गेले तर वर्गीकरण केंद्रातल्या बाईंना ते हाताने उपसावे लागते.

सुया विशेष काळजीच्या कचऱ्यात. सुईला पुन्हा टोपण लावायचा प्रयत्न करू नका, पुष्कळ टोचण्या तेव्हाच होतात. जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या (फिनेलची चालेल, पाण्याची पातळ बाटली चालणार नाही). वापरलेली सुई लगेच आत टाका. तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून ‘सुया’ असे लिहा. मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचा थर्मामीटर, ट्यूबलाइट, सीएफएल, बॅटऱ्या, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे हेही याच भागात. औषधे बेसिनमध्ये ओतू नका. थर्मामीटर फुटला तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम लावू नका, पाऱ्याचे थेंब आणखी पसरतात. खिडक्या उघडा, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र ढकला आणि झाकणाच्या बाटलीत बंद करा.

प्रश्न : चाळीच्या छपराचे जुने सिमेंटचे पत्रे काढून नवे बसवायचे आहेत. जुने पत्रे फोडून गोण्यांत भरावेत का?
– वाचक, करी रोड

उत्तर : कृपया फोडू नका. जुने नालीदार सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. अख्खा पत्रा फारसा त्रास देत नाही. तो फोडला, कापला, घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, फुप्फुसात बसतात आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोग करू शकतात. चाळीत गॅलरी सामाईक असते, तेव्हा एका घराच्या कामाची धूळ सगळ्या मजल्यावर जाते.

पत्रे काढण्याआधी पाण्यात थोडी साबणाची पूड मिसळून पंपाने दोन्ही बाजूंनी भिजवा. हुकबोल्ट गंजलेले असतील तर पत्रा ओढू नका, बोल्ट कापा. पत्रे दोरीने अख्खेच खाली उतरवा. कामगारांना साधा कापडी मास्क पुरत नाही, एफएफपी 3 दर्जाचा हवा. पत्रे जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळा आणि वर ‘ॲस्बेस्टॉस’ असे मोठ्या अक्षरांत लिहा. खाली सांडलेली भुकटी ओल्या फडक्याने टिपा, केरसुणी नको. फडकेही त्याच गुंडाळीत बांधा. त्या दिवशी लहान मुलांना गॅलरीपासून दूर ठेवा, आणि शेजाऱ्यांना खिडक्या लावायला सांगा.

हा माल राडारोड्यात चालत नाही, डायघर-दहिसरच्या केंद्रांवरही नाही. दळताना तेच तंतू उडतील. घातक कचऱ्यासाठी तळोज्याला वेगळे प्रक्रिया केंद्र आहे. वॉर्ड ऑफिसात लेखी कळवून आणि घातक कचऱ्याची परवानगी असलेल्या वाहतूकदाराकडूनच पाठवा. खर्च वाढतो, हे खरे. चाळीतल्या सगळ्या घरांचे पत्रे एकाच वेळी काढले तर तो वाटून घेता येतो.

प्रश्न : शेजारची चार मजली इमारत पुनर्विकासासाठी पाडत आहेत. दिवसभर धूळ, रात्री उघडे डंपर. तक्रार नेमकी काय आणि कुठे करावी?
– वाचक, विलेपार्ले पूर्व

उत्तर : ‘धूळ फार आहे’ एवढे लिहिलेली तक्रार मागे पडते. नियम कुठला मोडला ते लिहा.

दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टन राडारोडा काढणाऱ्याने काम सुरू करण्याआधीच कचरा व्यवस्थापनाचा आराखडा मंजूर करून घ्यावा, आणि काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लॅस्टिक, विटा-मसाला असे चार भाग वेगळे करावेत, हे 2016 च्या बांधकाम कचरा नियमांनी घालून दिले. पाडकामात चौरस मीटरला 300 ते 500 किलो राडारोडा धरायची पद्धत आहे. 1,500 चौरस मीटरची इमारत असेल तर किमान 450 टन होतो. म्हणजे तुमच्या शेजारची इमारत या मर्यादेच्या खाली असण्याचा संभव फार कमी. त्यांच्या जागी एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या बांधकाम कचरा नियमांत 20,000 चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाच्या प्रकल्पांवर राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारीही आली आहे.

धुळीसाठी महानगरपालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. एक एकरापेक्षा लहान भूखंडाभोवती 25 फूट आणि त्याहून मोठ्याभोवती किंवा 70 मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती 35 फूट उंचीचे पत्रे, पाडताना सतत पाणी मारणे, इमारतीला ओले कापड किंवा जाळी, ताडपत्री बांधलेले डंपर, बाहेर पडताना चाके धुणे. यातले काय दिसत नाही ते एकेक लिहा. फोटोत तारीख-वेळ आणि डंपरचा क्रमांक यायला हवा. तक्रार 1916 वर आणि सोबत वॉर्डाच्या सहायक आयुक्तांना लेखी द्या, पोच घ्या. राडारोडा कुठे जातो त्याच्या वजनपावत्या आणि मंजूर आराखडा यांची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. तो कागद हाती आला की बाकीचे बोलणे सोपे होते.

ही बंधने आकाशातून पडलेली नाहीत. देवनारची आग आणि कचराभूमींची अवस्था पाहून उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईतल्या नव्या बांधकामांवर बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये ती उठवली, तेव्हा राडारोडा कुठे टाकणार हे आधी दाखवायची अट घातली. विकासकाला ही अट ठाऊक असते. शेजाऱ्यांनाही ठाऊक असावी, म्हणून एवढे लांबून सांगितले.

प्रश्न : राडारोड्यापासून केलेले पेव्हर ब्लॉक आवारात लावावेत का? टिकतात का?
– सोसायटीचे खजिनदार, कांदिवली

उत्तर : लावावेत. भारतीय मानक 383 नुसार साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत पुनर्वापराची खडी चालते. एम 25 आणि त्याखालच्या (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये 20 टक्के. सिमेंट कमी असलेल्या भरावाच्या (लीन) काँक्रीटमध्ये तर शंभर टक्के. ब्लॉक घेताना ‘राडारोड्याचा आहे’ यापेक्षा श्रेणी विचारा: नुसत्या पायवाटेला एम 30 आणि 50 मिलिमीटर जाडी, गाड्या उभ्या राहतात तिथे एम 35 आणि 60 मिलिमीटर. पुनर्वापराच्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, त्यामुळे ती पाणी जास्त पिते. चाचणी अहवालात पाणी शोषण्याचे प्रमाण सरासरी 6 टक्क्यांच्या आत आहे का, ते पाहा. अहवाल नसेल तर तीन ब्लॉक काट्यावर ठेवा, चोवीस तास बादलीत बुडवा, पुसून पुन्हा तोला. तीन किलोचा ब्लॉक 180 ग्रॅमपेक्षा जास्त वाढला तर तो माल परत पाठवा.